कवळीचे शनिवार

नानांचे सगळे दात पाडून झाले आणि आमच्या घराचा आवाजच बदलला. नाना म्हणजे माझे वडील, मराठी शाळेत मास्तर. माणूस किरकोळ अंगाचा, पण आवाज असा की लोधीपुऱ्यातल्या आमच्या ओसरीवर ते पोरांना इतिहास सांगू लागले की समोरची काकू तव्यावरची पोळी विसरून दारात येऊन उभी राहायची. हिरड्यांनी दगा दिला, दात एकेक करून हलायला लागले, आणि डॉक्टर म्हणाले, सगळे काढून टाकू, कवळी बसवू, महिना-दोन महिन्यांचा तर प्रश्न. झालं, काढून टाकले. त्या दिवसापासून सकाळी जाग यायची ती खलबत्त्याच्या आवाजाने. आई नानांसाठी भाकरी कुटायची आणि दुधात भिजत घालायची. केळ्यांचा मुलूख म्हणून बरं, नाहीतर माणसाने खावं काय? भात-कढी, मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं, पुन्हा भात-कढी. घरात एकदा आईने विसरून कुरडया तळल्या, तर आम्ही खात असताना नाना उठून अंगणात गेले आणि तुळशीला सकाळी घातलेलं पाणी पुन्हा घालत बसले. नंतर आईने कुरकुरीत असं काही करणंच सोडलं. एका माणसाचे दात गेले आणि अख्खं घर बोळकं झालं.

बोलण्याचं तर विचारूच नका. नाना काहीतरी म्हणायचे, त्यातली अर्धी अक्षरं ओठांतून वारा होऊन जायची आणि आई हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायची, "काय म्हणतात ग विमे?" मला मात्र कळायचं. का कळायचं ते देवाला ठाऊक. थोरला भाऊ भुसावळला रेल्वेत, तो सुटीत आला की नानांपुढे नुसता मान डोलवायचा आणि मग स्वयंपाकघरात येऊन मला विचारायचा. दूधवाला, शेजारी, शाळेचा शिपाई, सगळ्यांना मीच सांगायचं. पंधरा-सोळा वर्षांची पोर मी, दोन वेण्या घालणारी, मॅट्रिकचा अभ्यास उरावर, आणि हिंडायची बापाचं तोंड होऊन. लोक कौतुक करायचे. मला कौतुक नको होतं, मला सुटी हवी होती. मैत्रिणी नदीवर जायच्या तेव्हा मी नानांबरोबर वाण्याकडे उभी असायची.

शाळेत नाना फळ्यावर लिहून भागवत. हेडमास्तर भले होते, त्यांनी ते चालवून घेतलं. पण ते दिवस होते प्रांत मोडून प्रांत जोडण्याचे. कालपर्यंत नागपूरहून कागद यायचे, आता भोपाळहून यायला लागले. नागपूर गेलं तिकडे, मराठी मुलखात, जळगाव होतंच तिकडे, आणि आम्ही मराठी बोलणारे राहिलो इकडे, हिंदी राज्यात. आमच्या गावाला त्याचं फार काही वाटलं नाही, बाजारात आम्ही आधीही हिंदीच बोलायचो. नानांना वाटलं. शाळेत सांगितलं गेलं की शाळाखात्याचे नवे साहेब येणार, जुन्या मराठी मास्तरांपैकी एकेकाचा पाठ हिंदीतून ऐकणार. ज्याला जमेल तो इथे राहील, न जमेल त्याची बदली होईल. कुठे? तर कुणी म्हणे सागरकडे, कुणी म्हणे त्याच्याही पलीकडे, आणि कुणी म्हणे बदली वगैरे काही नाही, घरीच बसवतील. आमचं घर नानांच्या पगारावर चाले. त्यामुळे प्रश्न सरळ होता. साहेब येईपर्यंत नानांच्या तोंडात दात आले पाहिजेत.

आणि दात होते डॉक्टरच्या हातात. डॉक्टर खंडव्याचे, आठवड्यातून एकदा, शनिवारी, गाडीने यायचे. चौकात एका हलवायाच्या दुकानावर त्यांची माडीवरची खोली होती. सकाळी अकराची वेळ दिलेली असायची. सकाळची शाळा करून मी आणि नाना धावत जायचो आणि बाकावर जागा धरायचो. मग बसा. समोर एक खुर्ची, तिच्याशेजारी पायाने फिरवायचं यंत्र, भिंतीवर मोठ्या दाढेचं चित्र, आणि डॉक्टरचा पत्ता नाही. खाली हलवाई माव्याची जलेबी तळायला घ्यायचा. बाकावर बसलेली सगळी माणसं दुखऱ्या तोंडाची, कुणाचा गाल सुजलेला, कुणाच्या दाढेत लवंग, आणि खालून तो तुपाचा आणि पाकाचा वास जिना चढून वर यायचा. एवढा छळ यमाच्या घरीही नसेल. ऊन बाकाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जायचं, आम्ही सरकायचो, पण उठायचं कुणी नाही, कारण उठलं की जागा गेली. पुरुषांत मी एकटी मुलगी. येणारा-जाणारा मला बघणार आणि विचारणार, "तुझी कोणती दाढ?" मी म्हणायची, "माझी नाही, यांची," आणि नाना ओशाळून हसायचे, ओठ मिटून.

आता मी इंदूरला लेकाकडे असते. माझी स्वतःची कवळी आहे. इथल्या दवाखान्यात गार हवा, काचेच्या पेटीत मासे, आणि काउंटरवरची पोरगी गोड हसून म्हणते, "आंटी, बस पाँच मिनट." माझी कानशिलं तापतात. सून म्हणते, आई, एवढं काय चिडायचं, मोबाइल बघा. तिला काय सांगू? मी आयुष्यातली वाट बघण्याची सगळी शिदोरी त्या माडीवरच्या बाकावर संपवून आले आहे, आता माझ्याकडे तिचा कण उरलेला नाही.

त्या बाकावर बसून नाना पाठ तयार करायचे. भूगोलाचा धडा निवडला होता, नद्यांचा. त्यांना स्वतःला हिंदीतून म्हणता येत नव्हतं, तोंडात नुसता वारा, म्हणून ते मला हळूच वाचायला लावत आणि स्वतः ओठ हलवत. मी वाचायची, "ताप्ती पश्चिम की ओर बहनेवाली नदी है," आणि ते मान हलवून पुढे जा म्हणून खूण करायचे. मला लाज वाटायची. पलीकडे बसलेले फोपनारचे दगडू पाटील, केळीच्या बागा असलेला मोठा माणूस, दाढ धरून आमचं ऐकायचे आणि म्हणायचे, "वाच व पोरी, मोठ्यानं वाच. माही दाढ जरा कमी ठनकते." मग डॉक्टर यायचे, दुपार कलल्यावर, घाम पुसत. भराभर तोंडं बघायचे. नानांची पाळी यायची तोवर त्यांच्या परतीच्या गाडीची वेळ झालेली असायची. कधी माप घेतलं, कधी मेण चावायला दिलं, कधी "अगले शनिवार पक्का" एवढंच. असे किती शनिवार गेले. दर खेपेला जिना उतरताना नाना माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि मला वाटायचं, हा हात आता जन्मभर इथेच राहणार.

उशीर का होतो ते कळलं तेही पाटलांकडूनच. एका शनिवारी मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "हा माणूस गाडीतून उतरतो आणि जातो कुठे?" तर पाटील दाढ विसरून फुशारकीने म्हणाले, "रागावू नको व माय. मागल्या शनिवारी माह्याच घरी होते जेवाले, फोपनारले. बैलगाडी धाडली होती मी टेसनावर. आलेल्या मानसाले उपाशी पाठवू का?" मग एकेक जण बोलायला लागला. आमच्या गावाचं स्टेशन आहे त्या लालबागलाच कुणीतरी नाश्त्याला उतरवून घेतो, मग पेढीवाले शेठ जेवायला नेतात, मग कुणाच्या घरी नवा मुलगा झाला म्हणून तोंड गोड. गावात दातांचा डॉक्टर येतो याचा सगळ्यांना इतका अभिमान की जो तो त्याला आधी आपल्या ताटावर ओढत होता, आणि मग तीच माणसं बाकावर येऊन त्याची वाट बघत होती! मी कपाळावर हात मारला. म्हणजे माझे शनिवार पाटलांच्या वांग्याच्या भरताने खाल्ले होते.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "मग आपण कधी बोलावलं त्यांना? तेच चुकलं बघ. आपण जेवायला बोलावू. आपल्या घरी येतील, जेवतील, आणि पहिली पाळी नानांची, घरातल्या घरात." नानांचा चेहरा उजळला. त्यांनीही मान हलवली. मला तेव्हाच म्हणायचं होतं की अहो, आधी दात मग जेवण असं तरी ठरवा. म्हटलंही. तर आई म्हणाली, "अगं बाई, आल्या पाहुण्याला आधी कामाला जुंपायचं? लोक काय म्हणतील!" आणि नानांनीही मला डोळ्यांनी गप्प केलं. नेमकं त्याच सुमारास कळलं की साहेब येताहेत, येत्या शनिवारी, आणि त्यांच्यासाठी त्या दिवशी शाळा दुपारीही भरणार आहे. नानांचा पाठ मधल्या सुट्टीनंतर. कवळी तयार होऊन डॉक्टरांच्या बॅगेत येणार होती. सगळं एकाच दिवशी.

शनिवारी आई पहाटेपासून मांडे करत होती. शेजारच्या काकू मदतीला आल्या. चुलीवर मांड्यांचं खापर तापलं, पुरणाचा वास गल्लीभर गेला. वांग्याचं भरीत, कढी, मांड्यांवर तूप, आणि हलवायाकडची माव्याची जलेबी. सकाळची शाळा उरकून नाना स्वतः टांगा घेऊन लालबागला गेले, न जाणो वाटेत कुणी पळवला तर. गाडी उशिरा आली, ती येणारच होती. पण आले. डॉक्टर गोरेपान, गुबगुबीत, हसऱ्या तोंडाचे, हातात ती काळी बॅग. ताटावर बसले आणि आग्रह सुरू झाला. "बस, बस, मास्टरजी, अब नहीं," डॉक्टर दोन्ही हातांनी ताट झाकत होते, आणि नाना बोटांच्या फटीतून जलेबी सरकवत होते. आग्रह करायला दात लागत नाहीत. मी दारात उभी राहून सूर्य बघत होते आणि डॉक्टरांच्या पोटात गेलेले मांडे मोजत होते. शेवटी हात धुतले, विडा दिला. आणि मग नानांनी मला खूण केली, म्हण. मी म्हटलं, "ज़रा लेट जाइए, डॉक्टरसाब." जरा आडवे व्हा, हे असं म्हणायचं असतं. पाहुण्याने "नको नको, निघतो आता" म्हणायचं असतं. आमच्याकडची रीतच आहे ती. डॉक्टर बिचारे खंडव्याचे, त्यांना वाटलं ही माणसं मनापासून सांगताहेत. "अच्छा, दो मिनट," म्हणाले, ओसरीवरच्या खाटेवर आडवे झाले, बॅग उशाशी घेतली, आणि घोरायला लागले.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. दोन मिनिटं गेली, मग आणखी गेली. जेवून झोपलेल्या पाहुण्याला उठवायचं नाही, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, ते आपलं भिंतींतच होतं. आई पदराने वारा घालत बसली, त्यालाच! माशी बसायला नको म्हणून! नाना काळा कोट आणि टोपी घालून स्टुलावर बसले होते. बॅगेत त्यांचे दात होते, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, आणि वरती डॉक्टरचं मुंडकं. तेवढ्यात माडीवरची मंडळी आमच्या घरी डॉक्टर आहेत असं ऐकून ओट्यावर जमली. गाल धरून सगळे ओळीने बसले, कुजबुजत, पण उठवा असं एकजण म्हणेना. पाटील तर म्हणाले, "झोपू द्या, थकले असतील." मी दात खाऊन गप्प बसले, मला होते म्हणून. मग शाळेचा शिपाई धावत आला. साहेब आलेत, एका मास्तरांचा पाठ सुरू झालाय, नंतर नानांचा. नाना उठले. त्यांनी खाटेकडे एकदा बघितलं, मग आईकडे, आणि जोड्यांत पाय घालायला लागले. तसेच निघाले होते ते, बोळक्या तोंडाने. पोरांच्या आणि साहेबांच्या समोर तसेच उभे राहणार होते, पण पाहुण्याची झोप मोडणार नव्हते.

माझं काय झालं मला आजही सांगता येत नाही. मी ओरडले, "डॉक्टर, उठा! माझ्या वडलांचे दात द्या!" गल्लीत ऐकू गेलं असेल. बापाचा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मला तेव्हा कळलं. आईच्या हातातला पदर तसाच राहिला. ओट्यावरची मंडळी ताडकन उभी राहिली. डॉक्टर धडपडून उठून बसले, चष्मा चाचपला, आणि उन्हाकडे बघून कपाळावर हात मारून घेतला. "अरे! इतनी देर? किसी ने उठाया क्यों नहीं?"

मीच साहेबांचं, पाठाचं, शाळेचं सगळं एका दमात सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांनी बॅग उघडली, नानांना पुन्हा स्टुलावर बसवलं, कवळी तोंडात घातली, काढली, कानशीने घासली, पुन्हा घातली. एकीकडे बोलत होते, "बेटी, यहाँ कोई छोड़ता ही नहीं. हर शनिवार सोचता हूँ, सीधे कमरे पर जाऊँगा. स्टेशन पर उतरा नहीं कि कोई हाथ पकड़ लेता है. मना करूँ तो बुरा मान जाते हैं. घर में पत्नी कहती है, तुम दाँत निकालने जाते हो कि दावत खाने." त्यांचा आवाज इतका काकुळतीचा होता की माझा राग मधेच कुठेतरी अडकला. आम्ही बाकावर कोंडलेले आणि हा ताटांमध्ये. नानांच्या हिरडीतून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, आज नको, सूज उतरू द्या. नानांनी नकाराची मान हलवली आणि रुमालाने ओठ पुसून तसेच निघाले. वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा भरलेला होता, गाल जागेवर आले होते. माझ्या लहानपणचे नाना दिसले मला. मी मागे जाते म्हटलं, तर हाताने नको म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना मी बरोबर नको होते. मी मोकळी झाले होते, आणि तरी ओसरीवरून हलता येईना. मागे डॉक्टर ओट्यावरच एकेकाची तोंडं तपासत होते, आई पाटलांना जलेबी देत होती, आणि मी दाराच्या चौकटीला धरून गल्लीच्या टोकाकडे बघत उभी होते.

दिवेलागणीला नाना आले. गल्लीतल्या लोकांनी वाटेतच विचारलं असणार, कारण येताना ते स्पष्ट, खणखणीत, प्रत्येक अक्षर वेगळं काढून उत्तरं देत होते, "हो, झाला पाठ. साहेब खूश झाले. राहू दिलं इथेच. सोमवारपासून सगळे तास हिंदीतून." दातांवर दात आपटल्याचा बारीक आवाज प्रत्येक शब्दामागे येत होता. आई देवापुढे साखर ठेवायला पळाली. मला इतका आनंद झाला की मी नानांना वाकून नमस्कार केला, काही कारण नसताना. नाना ओसरीवर बसले. कोट काढला. मग तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली, ती लालसर पडली, आणि त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली. तोंड पुन्हा बसलं. मग त्यांच्या त्या वाऱ्याच्या बोलीत, फक्त मला कळणाऱ्या, हळू म्हणाले, "नोकरी राहिली, विमे. मास्तर काही राहिला नाही."

आई साखरेची वाटी घेऊन बाहेर आली. हसत होती. किती दिवसांनी हसत होती.

"काय म्हणतात ग?"

"म्हणतात, नोकरी राहिली," मी म्हटलं.